पायातील गुठळी आणि घरातील शुश्रूषा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम साफ नकार दिला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाचा शिक्षणक्रम पुरा करून अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांस बाराखडी व पाढे शिकविले, एवढीच आमची विद्या. समोर आपल्याच ज्ञातीतील तीन डॉक्टर बसलेले असता आम्ही रोगावर बोलावे हा आगाऊपणा होईल, असे आम्ही म्हटले. त्यावर चिटणीस म्हणाले, "गुरुजी, डॉक्टर बोलले की लोक औषधाचे नाव लिहून घेतात. तुमच्या घरी काय चुकले ते तुम्ही सांगा. ते कोणी लिहून घेणार नाही, पण विसरणारही नाही." त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. आज जे बोलणार आहोत ते आम्ही आधी लिहून काढले व आपल्यातील एका डॉक्टर भगिनींकडून तपासून घेतले. त्यांनी तांबड्या शाईने पुष्कळ ठिकाणी खुणा केल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यावर आपली वही तपासून घेण्याचा योग उतारवयात आला, असो.

विषय रक्ताच्या गुठळीचा आहे. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात हेही पुष्कळदा गुठळीमुळेच होतात. परंतु त्यांविषयी आता शाळकरी मुलासही काही ना काही ठाऊक असते. आम्ही बोलणार आहोत ते पायाच्या खोल नीलांत साखळणाऱ्या रक्ताविषयी. ही गुठळी तेथून सुटून फुप्फुसात जाऊन अडकते आणि धडधाकट दिसणारा माणूस घटकाभरात नाहीसा होतो. आपल्या घरांतून अशा मृत्यूस आजवर 'अचानक गेले', 'वेळ भरली होती' अशी नावे मिळत आली आहेत.

आमच्या थोरल्या बंधूंस आपण पुष्कळांनी पाहिले आहे. काहींनी तर त्यांच्या हातचे सदरे वापरले आहेत. पंचेचाळीस वर्षे त्यांनी पायमशीन चालविली. २०१८ सालच्या श्रावणात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, न्हाणीघरात पाय घसरून ते पडले व खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. आठव्या दिवशी घरी पाठविताना तेथील डॉक्टरांनी एक कागद दिला. त्यावर इतर मजकुराबरोबर दोन गोष्टी होत्या. पहिली, वॉकर धरून रोज थोडेथोडे चालविणे. दुसरी, रक्त साखळू न देणारी गोळी शस्त्रक्रियेपासून ३५ दिवस देणे. कागद इंग्रजीत होता. परंतु आमच्या पुतण्यास तो वाचता येत होता व त्याने तो आम्हां सर्वांस वाचून दाखविला. तेव्हा समजले नाही अशी पळवाट आम्हांस नाही.

दादा घरी आले आणि घरात प्रेमाचा पूर आला. वहिनींनी त्यांस पलंगावरून पाय खाली ठेवू दिला नाही. पाहुणा येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोले, "पडून राहा हो, हाड जुळू द्या." आम्हीही तेच बोललो, किंबहुना आम्ही शिक्षक असल्यामुळे आमच्या बोलण्यास जरा अधिक वजन आले. पहिले दोन दिवस दादा स्वतःच वॉकर मागत होते. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मागणे सोडले. चौदाव्या दिवशी गोळ्या संपल्या. पुतण्या नव्या आणावयास निघाला, तेव्हा आम्ही त्यास थांबविले. "रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतल्यावर टाके कसे सुकतील? चौदा दिवस झाले, पुष्कळ झाले," हे शब्द आमचे आहेत. त्या गोळ्यांस पैसे बरेच पडत होते, हेही मनात होते. ते मात्र आम्ही बोललो नाही.

एकोणिसाव्या दिवशी डाव्या पोटरीस सूज दिसली. उजवी नेहमीसारखी आणि डावी टणक, किंचित तांबूस, हातास ऊन लागणारी. आम्ही वाताचा विकार ठरविला. तिळाचे तेल कोमट करून दोन रात्री आम्ही स्वतः ती पोटरी चोळली व वर शेक दिला. दादांस बरे वाटले असे ते म्हणाले. धाकट्या भावाने पाय चोळल्यावर दुसरे काय म्हणणार! एकविसाव्या दिवशी पहाटे शौचास जाण्यास ते उठून बसले, छातीस हात लावला, "श्वास पुरत नाही रे" म्हणाले आणि घामाने भिजून गेले. गाडी दारात येईपर्यंत सर्व आटोपले होते. शवपरीक्षा झाली नाही. परंतु सर्व हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाले की पायातील गुठळी फुप्फुसात गेली असण्याचा संभवच अधिक. चोळल्यामुळेच ती सुटली का, असे आम्ही त्यांस विचारले. ते म्हणाले, "तसे खात्रीने कोणासच सांगता येणार नाही. गुठळी आपणहूनही सुटते. पण सुजलेली पोटरी चोळू नये." यावर आम्ही अधिक काही विचारले नाही.

ही हकीकत सांगण्यास वहिनींची संमती आहे. आता तिचे शास्त्र थोडक्यात पाहू.

हृदयातून रक्त रोहिण्यांवाटे पायापर्यंत जाते ते हृदयाच्या ठोक्याच्या जोरावर. परंतु तळपायापासून छातीपर्यंत तीनचार फूट उंच चढून ते परत कसे येते? हा प्रश्न आम्ही सातवीच्या वर्गात विचारीत असू व मुले नेहमी "हृदय ओढून घेते" असे उत्तर देत. पायातील रक्त वर चढविण्याचे मुख्य काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल उचलले की स्नायू आवळतो, त्याच्या कुशीतील नीला दाबली जाते व रक्त वर ढकलले जाते. नीलांच्या आत ठिकठिकाणी झडपा असतात, त्यामुळे वर गेलेले रक्त खाली उतरत नाही. इटलीतील पाडुआ येथील फॅब्रिशियस या अध्यापकाने या झडपांचे वर्णन केले. त्याचा इंग्रज शिष्य विल्यम हार्वे याने पुढे १६२८ साली रक्ताभिसरणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या झडपांचे कार्य उलगडून दाखविले. तेव्हा पोटरी हा एक पंपच आहे, आणि तो माणूस चालेल तेव्हाच चालतो. अंथरुणावर पडलेल्या माणसाचा हा पंप बंद असतो आणि रक्त खोल नीलांत संथ होऊन राहते.

निव्वळ संथपणाने गुठळी होतेच असे नाही. जर्मनीचे रूडोल्फ फिर्खो या विख्यात विकृतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की फुप्फुसात सापडणारी गुठळी बहुधा तेथे जन्मलेली नसते, ती पायाकडून वाहत आलेली असते. गुठळी होण्याची तीन कारणे आज त्यांच्याच नावाने शिकविली जातात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीस इजा होणे, आणि रक्ताचा साखळण्याकडे ओढा वाढणे. दादांच्या बाबतीत तिन्ही एकत्र आली होती. हाड मोडले व शस्त्रक्रिया झाली, तेथे इजा झाली. इजा झाली की रक्तस्राव थांबविण्यासाठी शरीर रक्तास अधिक साखळण्याजोगे करते; हा निसर्गाचा उपकारच, पण तो काही आठवडे चालू राहतो. या दोन गोष्टी आमच्या हातच्या नव्हत्या. तिसरी, म्हणजे प्रवाह मंदावणे, ही आम्ही घरी तयार केली. फिर्खोंचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. तो दिवस २०१४ सालापासून जगभर या रोगाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

नुसते बसून राहिल्याने काय होते याचा एक दाखला आमच्या वाचनात आला, तो सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते व लोक भुयारी आसऱ्यांत रात्र काढीत. कीथ सिम्प्सन या डॉक्टरांकडे शवपरीक्षेचे काम असे. त्यांच्या ध्यानी आले की फुप्फुसातील गुठळीने मरणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली आहे. हे लोक बाँबने जखमी झालेले नव्हते. ते रात्रभर कापडी आरामखुर्च्यांत बसून झोपत आणि खुर्चीची पुढची लाकडी पट्टी त्यांच्या मांडीखाली दाबून राही. सिम्प्सन यांनी ही गोष्ट त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापली व खुर्च्यांऐवजी आडवे निजण्याच्या फळ्या द्याव्यात असे सुचविले. जपानात २००४ साली निइगाता भागात भूकंप झाला, तेव्हाही घरे सोडून आपल्या मोटारींत झोपणाऱ्या लोकांत असेच मृत्यू झाले. भूकंपातून वाचलेला माणूस आसनावर बसून मरावा, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो. मग आठवण होऊन उठलो व अंगणात दोन फेऱ्या घातल्या.

आपणही गेला अर्धा तास मांडी घालून बसला आहात. तेव्हा आम्ही आता वर्ग चालवितो असे समजा. खुर्चीवर बसलेल्यांनी टाचा जमिनीस टेकवून चवडे वर उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. जमिनीवर बसलेल्यांनी पाय लांब करावेत व पाऊल पुढेमागे हलवावे. दहा वेळा. हसण्यास हरकत नाही. अंथरुणावरून उठता न येणाऱ्या रोग्यासही, डॉक्टरांनी मना केले नसेल तर, हे करता येते.

आपला पिढीजात धंदा बसून करण्याचा आहे, हे येथे सांगणे अगत्याचे वाटते. आपल्या वाडवडिलांच्या काळी मशीन पायाने चालत असे. दिवसभर पायडल मारणाऱ्याची पोटरी दिवसभर हलत राही. पायमशीनवर काम करणाऱ्यास गुठळी होत नसे असा दावा आम्ही करणार नाही. त्याचे मोजमाप कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तथापि मशीनला मोटर बसली तेव्हापासून पाय नुसता एका कळीवर टेकलेला असतो, हे आपण रोज पाहतो. शिलाई कारखान्यांत कामास जाणाऱ्या आपल्या मुली आठआठ तास एका स्टुलावर बसतात. दुकानाचे मालक येथे पुष्कळ आहेत. तासाभराने कारागीर उठून दोन पावले चालला तर त्यास कामचुकार समजू नये, एवढी विनंती आम्ही त्यांस करतो. पुण्यामुंबईकडे संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या मुलांचे काम निराळे असले तरी बसणे तेच.

प्रवासाचीही तीच गोष्ट. चार तासांहून अधिक एका जागी बसून प्रवास केला की धोका काहीसा वाढतो, मग ते विमान असो, मोटार असो की आपल्या मंडळाची यात्रेची बस असो. निरोगी तरुणास तो फार थोडा. ज्यास पूर्वी गुठळी झाली आहे, ज्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, ज्याचे वय वा वजन अधिक आहे, त्यास जास्त. मागील यात्रेत आमच्या बसमधील बहुतेक स्त्रियांनी पहाटेपासून दुपारपर्यंत घोटभरही पाणी घेतले नाही. कारण सर्वांस ठाऊक आहे व ते पुरुषांनी न ऐकल्यासारखे करण्याची रीत आहे. वाटेत स्वच्छ शौचकूप मिळत नाही म्हणून बायका तहानलेल्या बसून राहतात, उतरतही नाहीत. यात्रासमितीने यंदा थांबे ठरविताना प्रथम हे पाहावे, चहाची टपरी नंतर पाहावी. दोन तासांस एकदा सर्वांनी खाली उतरून पाय मोकळे केलेच पाहिजेत.

आता बाळंतिणीविषयी. गरोदरपणात व बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत स्त्रीचे रक्त साखळण्याकडे अधिक झुकते. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. पोट फाडून बाळंतपण झाले असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडचा सव्वा महिना नेमका याच काळात येतो. त्या सव्वा महिन्यातील ममतेची, डिंकाच्या लाडवांची किंवा माहेरच्या सुखाची आम्ही निंदा करीत नाही. परंतु खोलीची दारेखिडक्या लावून बाळंतिणीस पलंगावरून उतरू न देणे आणि अंग सुजेल म्हणून पाणी मोजून देणे, ही शुश्रूषा नव्हे. तिला घरात हिंडूफिरू द्यावे व तहानेपुरते पाणी द्यावे. आणि मालीश करणाऱ्या बाईस एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी: एकच पाय सुजलेला वा दुखरा दिसला, तर त्यास हात न लावता घरच्यांस हाक मारावी.

दुसरी एक गोष्ट आम्ही संकोचाने बोलतो, परंतु डॉक्टर भगिनींनी ती वगळू दिली नाही. घरात सत्यनारायण, गौरीगणपती किंवा लग्न आले की मुलीबाळी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून पाळी पुढे ढकलतात. पुष्कळदा ही गोळी सासू किंवा आई आणावयास सांगते. या गोळ्या संप्रेरकांच्या आहेत व काही स्त्रियांत त्यांमुळे गुठळीचा धोका वाढतो. संततिनियमनाच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. बहुतेकींस काही होत नाही, म्हणूनच ती सवय पडते. परंतु ज्या घरात आईस, मावशीस किंवा भावास पूर्वी गुठळी झालेली आहे, तेथे ही गोळी डॉक्टरांस विचारल्याखेरीज घेणे धोक्याचे आहे. काहींच्या रक्तातच साखळण्याची प्रवृत्ती आईबापांकडून आलेली असते. आम्हांस विचाराल तर पूजेची तिथी पुढे ढकलावी. देवास त्याचे काही वाटत नाही असे आम्ही समजतो.

याखेरीज कर्करोग, पायाचे प्लॅस्टर, गंभीर आजारात दीर्घकाळ पडून राहणे, हीही कारणे आहेतच. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या रोग्यांत गुठळ्या होताना डॉक्टरांनी पाहिल्या, आणि 'डी-डायमर' हा रक्तपरीक्षेचा शब्द आपल्या ओसरीपर्यंत आला.

आमची दुसरी चूक गोळ्यांची. तिच्या मुळाशी 'पातळ' हा एक शब्द होता. या औषधांनी रक्त दुधात पाणी घातल्यासारखे पातळ होत नाही. त्याची साखळण्याची क्रिया मंद होते, एवढेच. या औषधाची हकीकत मनोरंजक आहे. अमेरिकेत व कॅनडात १९२० च्या सुमारास कुजलेले गोड गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली फेब्रुवारीत विस्कॉन्सिन प्रांतातील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मोटार हाकीत मेलेली कालवड, तेच गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न साखळणारे रक्त घेऊन तेथील विद्यापीठात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञांकडे आला. सहासात वर्षांच्या खटपटीनंतर लिंक व त्यांचे सहकारी यांनी गवतातील ते द्रव्य वेगळे केले. त्याच जातीचे पुढील औषध वॉरफॅरिन हे प्रथम १९४८ साली उंदीर मारण्यासाठी विकले गेले व १९५४ पासून माणसांस देऊ लागले. दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांस, आयसेनहॉवर यांस, ते देण्यात आले. आज याहून नवी औषधेही आहेत. परंतु विष आणि औषध यांत मात्रेचा भेद असतो, हे या एका उदाहरणाने ध्यानी यावे. म्हणूनच ही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये, आपल्या मनाने थांबवू नये, आणि चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी एकदम दुप्पट घेऊ नये. ती घेत असता गुडघेदुखीच्या गोळ्या, काढे किंवा चूर्णे डॉक्टरांस न सांगता घेऊ नयेत. वॉरफॅरिन घेणाऱ्याने सांगितल्या वेळी रक्ताची परीक्षा करावी. पालेभाजी सोडण्याचे कारण नाही, मात्र एक आठवडा मेथीपालक भरपूर व दुसरा आठवडा कोरडा, असे करू नये. हिरड्यांतून रक्त येणे, काळे शौच होणे, डोक्यास मार लागणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. लसूण खाऊन झालेली गुठळी विरते असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक लग्नात भेटतात. लसूण फोडणीत उत्तम.

शस्त्रक्रियेनंतर अशा औषधाने जीव वाचतात याचा भरभक्कम पुरावा जमविणाऱ्यांत आपल्याच देशात जन्मलेले एक शल्यवैद्य होते, ही गोष्ट आम्हांस दादांच्या पश्चात समजली. विजय वीर कक्कर हे त्यांचे नाव. ते लंडनमध्ये काम करीत. त्यांच्या पुढाकाराने अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या चार हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी केली. निम्म्यांस हेपॅरिन नावाचे रक्त साखळू न देणारे औषध अल्प मात्रेत टोचले, निम्म्यांस नाही. औषध न दिलेल्यांपैकी १६ जण फुप्फुसातील मोठ्या गुठळीने दगावले. औषध दिलेल्यांपैकी २. हा अहवाल १९७५ साली प्रसिद्ध झाला. आम्ही त्याच्या आदल्या वर्षी मॅट्रिक झालो होतो. म्हणजे आमच्या सबंध नोकरीच्या आधी जे जगास ठाऊक झाले होते, ते आम्ही निवृत्त झाल्यावरही आमच्या ओसरीवर बसून खोटे ठरविले. सोळा आणि दोन हे आकडे पहिलीतील मूलही लहानमोठे ओळखते.

लक्षणे आम्ही दादांच्या हकिगतीत सांगितलीच आहेत. फक्त जोड देतो. एका पायाची सूज ही दोन्ही पायांच्या सुजेपेक्षा अधिक संशयास्पद. ती दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पायाची डॉपलर सोनोग्राफी करतात, तीत सुई नाही की वेदना नाही. कधी कधी पायास काहीच दिसत नाही व एकदम दम लागतो, श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडते किंवा घेरी येते. तेव्हा आले-मध शोधीत बसू नये, १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. गुठळी वेळीच सापडली तर औषधाने बहुतेक रोगी बरे होतात. औषध सामान्यतः निदान तीन महिने चालते. पायात घालावयाचे घट्ट मोजे बाजारात मिळतात, परंतु ते सर्वांस चालत नाहीत. ज्यांच्या पायाच्या रोहिण्यांतच रक्त कमी पोहोचते त्यांस ते अपाय करतात. सबब तेही विचारूनच.

रुग्णालयात रोग्यास दाखल करताना किंवा घरी आणताना नातलगांनी दोन प्रश्न विचारावेत: गुठळी होऊ नये म्हणून काय करावयाचे आहे, आणि ते किती दिवस? डॉक्टर कामाच्या गर्दीत असतात, कधी कागदावर लिहून पुढे जातात. विचारण्यात त्यांचा अपमान नाही. कधी कधी रक्तस्रावाच्या भीतीने ते औषध देत नाहीत. तेही विचारले म्हणजे समजते.

आता मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेच्या खर्चास मदत मिळते, ती थोर गोष्ट आहे. परंतु रोगी घरी आला की मदत थांबते. घरी घ्यावयाच्या या गोळ्यांचा खर्च निधीने धरावा. पैशाचा विचार आमच्याही मनात आला होता हे आम्ही आरंभी कबूल केले आहे, आणि आमच्याहून ओढगस्तीची घरे ज्ञातीत पुष्कळ आहेत. दुसरी सूचना अशी की शस्त्रक्रियेसाठी बाहेरगावाहून येणारे रोगी आपल्या ज्ञातिगृहात उतरतात, त्यांच्या हाती मराठीत छापलेले एक पत्रक द्यावे. त्यात 'पडून राहा' असे म्हणणाऱ्या पाहुण्यांसाठीही एक ओळ असावी.

पत्रकाचा मसुदा डॉक्टर भगिनींनी करून दिला आहे व तो बाहेर टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या सुचवावयाच्या असतील त्यांनी समासात लिहाव्यात. अक्षर मोठे असावे, चष्मा नसतानाही वाचता यावे, अशी सूचना वहिनींनी केली आहे. ती आम्ही आधीच मान्य केली आहे. चार वाजता आपले तिन्ही डॉक्टर मागच्या खोलीत बसणार आहेत. ज्यांच्या घरी कोणाचा एकच पाय सुजलेला आहे, त्यांनी चार वाजण्याची वाट न पाहता आताच त्यांस गाठावे.